पुढच्या चाकांची खांदशेकणी

"हलव."

गाडीखालून आवाज आला की मी स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवायचो. फार नाही, दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे. "थांब. आता पुन्हा." मिस्त्री पाठीवर पडलेले, डोक्याखाली बारदान्याची घडी, आणि उजव्या हाताचा पंजा टाय रॉडच्या सांध्याभोवती, वैद्यानं नाडी धरावी तसा. टॉर्च त्यांनी कधी मागितला नाही. "डोयाले दिसत नाई ते बोटाले समजते," म्हणायचे. सांध्यात टक् असा बारीक ठोका बोटाला लागला की तिथं खडूची फुली पडायची. त्या सकाळी आमच्या पद्मिनीखाली पाच फुल्या पडल्या. मी गेलो होतो ते एकच तक्रार घेऊन: स्टेअरिंग ढिलं झालंय, तेवढं आवळून द्या.

त्या पाच फुल्यांतून ही पुस्तिका निघाली आहे.

आमचं नेर अमरावती-यवतमाळ रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. इथं जुनी मोटार संग्रहालयात ठेवल्यासारखी झाकून ठेवलेली नसते. डॉक्टरांच्या वाड्यात, जिनिंगच्या शेडमागे, एखाद्या वकिलाच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली ती उभी असते. लग्नाला, देवदर्शनाला, कधी दवाखान्याला निघते. अशा गाडीचं इंजिन लोक जपतात. रंगही देतात, सीटची कव्हरं बदलतात. पुढची चाकं, त्यांना धरणारे हात, त्यांना वळवणारे दांडे यांच्याकडे मात्र गाडी रस्त्यावर भरकटायला लागेपर्यंत कुणी वाकून बघत नाही. इंजिन बंद पडलं तर गाडी कडेला उभी राहते. पुढचा सांधा निसटला तर ती कुठं जाईल ते सांगता येत नाही. म्हणून या विषयावर मालक आणि मिस्त्री दोघांनाही हाताशी धरता येईल असं मराठीत काही असावं, ही माझी फार दिवसांची तळमळ.

पुस्तिकेत मुख्य गाडी प्रीमियर पद्मिनी आहे, कारण माझा हात तिच्यावर बसला. पण तिला मध्ये ठेवण्याला आणखी एक कारण आहे: ती आपली, महाराष्ट्रात घडलेली गाडी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली. पुढं सत्तरच्या दशकात तीच गाडी आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी या नावानं विकली गेली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टेअरिंगच्या दांड्याला लावलेला गिअर, १४ इंची चाकं. लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना पंजाब नॅशनल बँकेकडून ५,००० रुपयांचं कर्ज काढून घेतलेली गाडी याच घराण्यातली. ती आज दिल्लीला त्यांच्या स्मारकात उभी आहे. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या हीच. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी तिथल्या टॅक्सीतून ती कायमची गेली, तेव्हा लोकांनी तिच्यासोबत फोटो काढून घेतले.

अशी गाडी घेताना कुणी पाच वर्षांनी बदलू म्हणून घेतली नाही. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहून घेतली. गाडीही त्याच हिशेबानं बनवलेली होती. तिच्यात झिजायचा भाग वेगळा आणि टिकायचा भाग वेगळा. पिन आणि बुश झिजतात, आर्म शाबूत राहतो. बुश दाबून काढा, नवा बसवा, आर्म पुन्हा नव्यासारखा. आजच्या बऱ्याच गाड्यांत बॉल जॉइंट झिजला की अख्खा आर्मच बदलतात. त्यामुळे नव्या गाडीवर शिकलेला मुलगा जुन्या गाडीपुढं बसला की त्याचा हात आधी नवा भाग शोधतो. झीज कुठं आहे ते शोधायची सवय त्याला लागलेली नसते. यात त्याचा दोष नाही. त्याला कुणी "हलव" म्हणून शिकवलंच नाही.

आता ढिलेपणाबद्दल. मिस्त्रींचा एक सिद्धांत होता, आणि माझ्या पुढच्या सगळ्या वर्षांत मला तो कधी खोटा आढळला नाही: "ढिलेपन शोधा लागते बाबू, दाबा नाई लागत." ढिलं स्टेअरिंग हा एका भागाचा रोग नसतोच. टायरपासून हातापर्यंत एक साखळी असते. टायर, हब, हबचं बेअरिंग, किंगपिन, तिचे वरचे-खालचे बुश, स्टेअरिंग आर्म, बाजूचा टाय रॉड, मधला दांडा, पलीकडचा आयडलर, स्टेअरिंग बॉक्समधून निघणारा आर्म, बॉक्समधला रोलर आणि वर्म, बॉक्स चॅसीला धरणारे बोल्ट, वरचा दांडा, आणि मग तुमचे हात. यातली प्रत्येक कडी आपापलं थोडंसं मोकळंपण पुढं ढकलते. वर पोचेपर्यंत त्याची बेरीज होते, आणि नुसती बेरीज नाही, गुणाकारही.

हिशेब करून पाहा. चाकाला वळवणाऱ्या स्टेअरिंग आर्मची लांबी १२ सेंटिमीटर धरा. त्याच्यापर्यंत येणाऱ्या सांध्यांत मिळून १ मिलिमीटर मोकळीक असेल, तर चाक साधारण अर्धा अंश मोकळं राहतं. अर्धा अंश म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण स्टेअरिंग बॉक्सचं गुणोत्तर सोळास एक धरलं, तर तो अर्धा अंश तुमच्या हातात जवळजवळ आठ अंश होऊन येतो. ४० सेंटिमीटर व्यासाच्या स्टेअरिंगच्या कडेवर हे अंतर अडीच सेंटिमीटरच्या वर जातं. खाली एक मिलिमीटर, वर अडीच सेंटिमीटर. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९८ वा नियम सांगतो की स्टेअरिंगची मोकळीक ३० अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. ३० अंश म्हणजे घड्याळात बारापासून एकपर्यंत, म्हणजे त्याच स्टेअरिंगच्या कडेवर साडेदहा सेंटिमीटर. वरच्या हिशेबानं सगळ्या सांध्यांत मिळून ४ मिलिमीटर झीज झाली की कायद्याची हद्द आली. आठ सांध्यांत अर्धा-अर्धा मिलिमीटर वाटून टाकला तर तेवढी होते, आणि अर्धा मिलिमीटर म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन पोस्टकार्डं. एकेक सांधा सुटा पाहिला तर प्रत्येक जण म्हणेल, हा ठीक आहे, चालेल. आठही "चालेल" मिळून गाडी चालवण्याच्या लायकीची राहत नाही.

त्याच नियमात आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या मला फार शहाणपणाच्या वाटतात: स्टेअरिंगच्या बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात, आणि जोड धरणारे बोल्ट-पिना सुटू नयेत म्हणून अडकवलेल्या असाव्यात. फाटलेली रबरी टोपी दिसायला काहीच नाही. पण तिच्यातून धूळ आत जाते, ग्रीसमध्ये मिसळते, आणि ते ग्रीस वंगण न राहता सांध्याला घासणारी पेस्ट होतं. नवा टाय रॉड एंड जुन्या फाटक्या टोपीसह बसवू नये. आणि एकदा काढलेली स्प्लिट पिन पुन्हा वापरू नये. ती फार स्वस्त मिळते.

मिस्त्रींकडे जाण्याआधीची हकीकत सांगतो. स्टेअरिंग ढिलं लागायला लागलं तेव्हा मी दुसऱ्या गावातल्या एका गॅरेजात गाडी नेली. तिथल्या माणसानं बॉनेट उघडलं, स्टेअरिंग बॉक्सवरच्या ॲडजस्टिंग स्क्रूचा नट सैल केला, स्क्रू पाऊण फेरा आवळला, नट कसला, झालं. दहा मिनिटांचं काम. सरळ रस्त्यावर गाडी अशी छान चालली की मी वाटेत दोनदा घरी फोन केला. आठवड्याभरानं संध्याकाळी आईला घेऊन परत येत होतो. पुलाच्या अलीकडचं वळण घेतलं आणि वळण संपल्यावर स्टेअरिंग सोडलं, तर ते सरळ आलंच नाही. वळलेलंच राहिलं. मी ओढून सरळ केलं तोवर डावं पुढचं चाक डांबरावरून उतरून काळ्या मातीत गेलं होतं. शेतात कपाशी छातीएवढी होती. आई काही बोलली नाही, फक्त पुढच्या सीटची पाठ घट्ट धरून बसली. तिची ती बोटं मला आजही आठवतात.

झालं काय होतं ते नंतर कळलं. पद्मिनीच्या बॉक्समध्ये वर्म आणि रोलर असतात. माणूस गाडी बहुतेक वेळ सरळच चालवतो, त्यामुळे वर्म मध्यभागी जास्त झिजतो, दोन्ही टोकांना कमी. म्हणूनच अशा बॉक्समध्ये मुळातच मध्यभागी सर्वांत घट्ट आणि टोकांना किंचित मोकळी जुळणी ठेवलेली असते. झिजलेल्या मध्यभागाची मोकळीक स्क्रूनं भरून काढली की टोकांकडची मुळातली मोकळीक संपते आणि रोलर तिथं अडकतो. सरळ रस्त्यावर सुख, वळणावर घात. शिवाय ज्या पाच सांध्यांत खरी झीज होती ते तसेच राहतात, आता त्यांच्यावर बॉक्सच्या ताणाचा भारही येतो. स्क्रू वाईट नाही. तो अगदी शेवटी, बाकी सगळी साखळी घट्ट झाल्यावर, चाकं उचलून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहत, एकेक अष्टमांश फेऱ्यानं हलवायचा असतो. मी या पुस्तिकेत तो मुद्दाम शेवटच्या प्रकरणात ठेवला आहे.

बॉक्समध्ये ग्रीस भरायचं नाही, हेही इथंच सांगून टाकतो, कारण ही चूक मी जवळजवळ प्रत्येक जुन्या गाडीत पाहिली. सील गळायला लागलं की लोक तेलाऐवजी ग्रीस कोंबतात, म्हणजे गळणार नाही. वर्म फिरताना ग्रीस बाजूला ढकलतो आणि ते परत वाहून येत नाही. आत भरपूर ग्रीस, आणि दात मात्र कोरडे. तिथं गिअर ऑइलच हवं, आणि गळत असेल तर सील बदलायचं.

स्क्रू सर्वांत शेवटी, म्हणून पुस्तिकेची वाट जमिनीपासून वर जाते. आधी टायर. टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. एका दिशेनं मऊ आणि दुसऱ्या दिशेनं करवतीसारखं लागलं तर टो, म्हणजे पुढची चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप, बिघडला आहे. फक्त आतली किंवा बाहेरची कड खाल्ली असेल तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल. जागोजागी खळगे असतील तर शॉकअप गेलेले किंवा चाक थरथरतंय. गाडी उचलायच्या आधीच टायरनं निम्मी हकीकत सांगितलेली असते. मग चाक उचलायचं, आणि वर-खाली धरून हलवायचं, घड्याळातल्या बारा आणि सहावर. हललं, तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर दोष बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही चाक डुलतच राहिलं तर किंगपिनचा. तीन आणि नऊवर धरून हललं तर टाय रॉड एंड किंवा आयडलर. ही एवढी साधी परीक्षा आहे, आणि ती न करता बेअरिंगचे पैसे खर्च केलेले कितीतरी लोक मला भेटले.

किंगपिनवर मी सर्वांत जास्त पानं खर्च केली आहेत. तिथं घाई चालत नाही आणि लोक तिथंच घाई करतात. पद्मिनीच्या पुढच्या चाकाची वळण्याची धुरी म्हणजे ही पिन. कडक केलेल्या पोलादाची, वर-खाली एकेक फॉस्फर ब्राँझचा बुश, खाली वजन पेलणारा थ्रस्ट वॉशर, आणि ग्रीसचे निप्पल. नवी पिन हातात आली की आधी तिच्यावर कानस फिरवून पाहायची. खऱ्या कडक पिनेवर कानस नुसती घसरते; रेघ ओढली गेली तर ती पिन मऊ आहे, परत करा, कितीही चकचकीत असो. मग बुश. बुशात एक छिद्र असतं आणि बुश ज्यात बसतो त्या भागात निप्पलखाली एक छिद्र असतं. बुश दाबून बसवताना ही दोन छिद्रं समोरासमोर आली पाहिजेत. आमच्या त्या गाडीत पूर्वी कुणीतरी बसवलेला वरचा बुश मिस्त्रींनी ठोकून बाहेर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. छिद्र पाव फेरा सरकलेलं होतं. निप्पलमध्ये वर्षानुवर्षं ग्रीस मारलं गेलं होतं. ते बुशाच्या पाठीवर आदळून थांबत होतं आणि मागं वळून निप्पलमधूनच बाहेर येत होतं. मारणाऱ्याला वाटायचं, भरलं. बुशाची आतली बाजू निळसर काळी पडलेली होती, आणि एका बाजूला अंगठ्याचं नख अडकेल एवढी चढण. एवढी गाडी चालवली ती सगळी कोरड्या पिनेवर.

बुश बसला तरी काम झालं नाही. दाबल्यावर तो आतून किंचित आवळतो, म्हणून दोन्ही बुश एका ओळीत रीमर करायचे. वरचा वेगळा आणि खालचा वेगळा केला तर दोन्हींचा अक्ष जुळत नाही, आणि पिन आत जाते ती वाकडी. बरोबर झालं आहे हे कसं ओळखायचं? पिनेला तेल लावा. अंगठ्यानं दाबल्यावर ती सरकली पाहिजे. आपल्याच वजनानं खाली पडली तर जास्त कापलं गेलं. हातोडा लागला तर कमी. एक दिवस जातो या कामात. तो जाऊ द्यावा.

रबरी बुशांची एक बारीक गोष्ट सांगायची राहिली; ती फार कमी लोक पाळतात. सस्पेन्शनच्या हातातले रबरी बुश बदलल्यावर त्यांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना कसायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकवा, गाडी दोनदा दाबून सोडा, तिचं वजन तिच्यावर येऊ द्या, मग कसा. हवेत कसलेला बुश गाडी खाली आली की कायमचा पिळलेला राहतो, आणि नवा रबर वर्षभरात फाटतो.

ॲम्बेसेडर आणि जीप यांना मी एकेकच प्रकरण दिलं आहे. ॲम्बेसेडरचं मूळ इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डमध्ये. पुढं कॉइल स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार आणि बॉक्सऐवजी रॅक-पिनियन. तिच्यात दांड्यांची संख्या कमी, त्यामुळे शोध सोपा. टॉर्शन बारला मात्र ताण असताना हात लावायचा नाही. महिंद्राच्या जीपचं पुढचं धुरं सलग आणि खाली पाटे. तिची तक्रार वेगळी: ठराविक वेगाला पुढची चाकं जोरात थरथरायला लागतात आणि स्टेअरिंग हातातून सुटू पाहतं. लोक चाकं बॅलन्स करत राहतात; बरेचदा दोष किंगपिनच्या बेअरिंगवरच्या ढिल्या पकडीत असतो, आणि तिथले शिम काढून ती पकड घट्ट करावी लागते.

हे सगळं आमच्याकडं लवकर का होतं, तर जमीन. वऱ्हाडातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते. तिच्यावरचा रस्ता दरवर्षी वर-खाली होतो. पूल मात्र जागचा हलत नाही. म्हणून पुलाच्या दोन्ही टोकांना रस्ता खचतो आणि प्रत्येक पुलावर चढताना पुढच्या चाकांना एक ठोसा बसतो. त्यात नाल्यावरचे रपटे. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहत असताना गाडी काढली तर हबमध्ये आणि किंगपिनमध्ये गाळ शिरतो. आणि चैत्र-वैशाखात रबर भाजून निघतं. कुठल्याही पुस्तकात ग्रीस मारायचं जे अंतर दिलं असेल ते आपल्या रस्त्यांना पुरत नाही. माझा नियम असा: हजार किलोमीटरला एकदा, आणि गाडी पाण्यातून गेली तर त्याच दिवशी. आणि ग्रीस चाक उचलून मारायचं. चाक जमिनीवर असताना पिनेची एक बाजू बुशाला दाबून बसलेली असते, नेमकी तीच झिजणारी बाजू, आणि ग्रीस तिथं पोचत नाही. आतलं काळं ग्रीस बाहेर येऊन मागोमाग नवं दिसेपर्यंत गन मारत राहायची.

शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. बंडीच्या आखाला वंगण घातल्याशिवाय तो लांबच्या वाटेला निघत नाही. चाकाचा आवाज बदलला की उतरून बघतो. आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा कडक झालेला असतो; त्या दिवशी तूप-हळद लावून तो शेकतात, मळतात. मिस्त्री पुढच्या चाकांना गाडीचा खांदा म्हणायचे. इंजिनाचं वजन तिथं, ब्रेकचा धक्का तिथं, रस्त्याचा प्रत्येक खड्डा आधी तिथं. पोळ्याच्या आदल्या दिवशी ते एकही गिऱ्हाईक घेत नसत. स्वतःची जुनी जीप घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, चढवून तिचं पुढचं धुरं धुवायचे आणि सगळे निप्पल भरायचे. मला ते बघून आधी मौज वाटली, मग त्यांच्या शेजारी बसायला लागलो. आता मी दरवर्षी तेच करतो.

भागांविषयी. पद्मिनीचे जुने भाग मुंबईत कुर्ल्याच्या भंगारात आणि चोरबाजारात, दिल्लीला काश्मिरी गेटला मिळतात. शोधायची चिकाटी हवी. डुप्लिकेट टाय रॉड एंड हातानं फिरवून पाहावा: नवा सांधा सगळीकडून सारखाच जड फिरला पाहिजे. जे मिळत नाही ते लेथवाल्याकडून करून घेता येतं, आणि आपल्या तालुक्यांतले लेथवाले थ्रेशर-ट्रॅक्टरची कामं करून हाताचे पक्के झालेले असतात. बुशासाठी फॉस्फर ब्राँझच मागा. साधं पितळ स्वस्त पडतं आणि लवकर झिजतं. पण स्टेअरिंग आर्म, टाय रॉड, आयडलर यांना वेल्डिंग कधीही करू नका, तापवून सरळही करू नका. वाकलेला दांडा टाकून द्यायचा. या एका बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

जपून करायच्या कामांची यादी प्रत्येक प्रकरणाच्या आधी दिली आहे, तरी एक इथंही सांगतो. दाबलेल्या कॉइल स्प्रिंगमध्ये माणूस मारण्याइतकी ताकद असते. स्प्रिंग कॉम्प्रेसर नसेल तर ते काम करू नका. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका. घोड्या लावा, मागच्या चाकांना दगड लावा, गाडी हलवून पाहा, मग झोपा. आणि टाय रॉडचा टेपर सुटत नसेल तर बोल्टच्या डोक्यावर घणाचे घाव घालू नका. आर्मच्या डोळ्याला एका बाजूनं जड हातोडा टेकवा, समोरून दुसऱ्या हातोड्यानं एक नेमका ठोका द्या. डोळा क्षणभर दबतो आणि टेपर आपोआप निसटतो. आटे शाबूत राहतात.

आरटीओविषयी विचारणारे बरेच असतात. खाजगी गाडीला १५ वर्षांनंतर तपासणी करून नोंदणी पुन्हा घ्यावी लागते, पुढं दर ५ वर्षांनी. ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून विंटेज म्हणून वेगळी नोंदणी आहे, पण तशी नोंदवलेली गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. ज्याला गाडी चालवायची आहे त्यानं साध्या नोंदणीतच राहावं, आणि तपासणीला जाताना स्टेअरिंग आणि पुढची चाकं इतकी नीट करून जावं की तपासणाऱ्यानं स्वतः चालवून पाहायला मागावी.

पाचही फुल्या पुसायला आम्हाला अकरा दिवस लागले. दोन्ही किंगपिन, डावा बाहेरचा टाय रॉड एंड, आयडलरचा बुश, आणि चॅसीला बॉक्स धरणारे तीन बोल्ट, ज्यांतला एक नुसता हातानं फिरत होता. तो बोल्ट ही पाचवी फुली. स्क्रूला शेवटी पाव फेराही द्यावा लागला नाही, उलट आधी आवळलेला होता तो मागं घ्यावा लागला. मग दोरी लावून टो जुळवला, आणि मी आईला पुन्हा त्याच वळणावरून घेऊन गेलो. वळण संपल्यावर हात सैल सोडले. स्टेअरिंग आपोआप परत आलं. आई पाठीमागं काहीतरी बोलत होती, शेजारच्या लग्नाबद्दल.

पहिलं प्रकरण पुढच्या पानावर सुरू होतं. त्याला अवजारं लागत नाहीत. एक खडू, हवेचं मीटर, डोक्याखाली घ्यायला बारदाना, आणि स्टेअरिंगवर बसायला घरातलं एक माणूस. गाडी सपाट जागी घ्या, चाकं सरळ, इंजिन बंद. हवा आधी बरोबर करा. मग खाली जा, पहिल्या सांध्यावर हात ठेवा, आणि वर बसलेल्याला सांगा: हलव.

नेर परसोपंत, जि. यवतमाळ